आधी कागद, मग कॅसेटी, मशीन सगळ्यांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा : ठाण्यात चरईतली इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिन्याभरात वडिलांचं घर रिकामं करायचं आहे. माळ्यावरून एक काळा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' (ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची भारतीय आवृत्ती) निघाला, पण त्याचा अ‍ॅडॉप्टर सापडत नाही. सोबत पंधराएक कॅसेटी, फ्लॉप्यांचे दोन डबे आणि चार गोण्या भरून कॉम्प्युटरची जुनी मासिकं. वडील म्हणतात, 'मशीन आठवण म्हणून ठेव, मासिकं रद्दीवाल्याला दे, हल्ली सगळं इंटरनेटवर मिळतं.' विचारणाऱ्या ताई ऐरोलीला राहतात आणि फ्लॅटमध्ये जागा बेताची आहे. काय ठेवायचं, मशीन चालू कसं करायचं, आणि सोबत पाठवलेल्या एका पानाच्या फोटोत बाबांनी पेन्सिलने लिहिलेले आकडे कसले, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, बाबा सांगतात त्याच्या बरोबर उलट करा. मशीन गेलं तरी चालेल, त्या चार गोण्या चाळल्याशिवाय एक कागद बाहेर जाऊ देऊ नका. मी १९८६ पासून ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. पहिली सात वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होतो, नंतर नौपाड्यात स्वतःचं दुकान टाकलं. आता धंद्याचा व्याप मुलगा बघतो आणि मी जुनी मशीनं जिवंत करत बसतो. माझा सगळा जीव मशीनमध्ये आहे, तरी मी हे म्हणतोय, कारण एकदा उलट करून पाहिलं आहे.

२६ जुलै २००५ ला माझं दुकान तळमजल्यावर होतं. संध्याकाळपर्यंत गुडघ्याच्या वर पाणी. जे हाताला लागलं ते उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं, आणि आधी उचलली ती मशीनं. खालच्या कप्प्यातला एक स्पेक्ट्रम राहूनच गेला, तो रात्रभर त्या गढूळ पाण्यात होता. चौथ्या दिवशी मी तो उघडला, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतला, स्पिरिटने पुसला, आठवडाभर पंख्याखाली वाळवला, दोन कपॅसिटर बदलले, आणि तो चालू झाला. आजही चालतो. त्याच्या शेजारच्या कप्प्यात 'बाइट' या अमेरिकी कॉम्प्युटर मासिकाचे सहा-सात वर्षांचे अंक होते. गुळगुळीत कागदावर एक लेप असतो, तो भिजला की चिकट होतो आणि तसाच वाळला की पानं एकमेकांना कायमची धरून ठेवतात. माझ्या अंकांच्या विटा झाल्या, अक्षरशः विटा. ओले असतानाच पानापानात कागद घालून सुटी केली असती तर बरेच वाचले असते, पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. 'बाइट'चे छापील अंक पुन्हा मिळाले, स्कॅनही मिळतात. पण त्या अंकांच्या समासात मी आणि माझ्या दोन मित्रांनी जे लिहिलं होतं, ते जगात त्या एकाच ठिकाणी होतं.

तुमचे बाबा म्हणतात तसं इंटरनेटवर पुष्कळ मिळतं, हे खरं आहे. ब्रिटन-अमेरिकेतली स्पेक्ट्रमची आणि पीसीची बहुतेक गाजलेली मासिकं लोकांनी प्रेमाने स्कॅन करून ठेवली आहेत. आपल्याकडच्या मासिकांचे जुने अंक मात्र मला तितक्या सहज सापडत नाहीत, त्यातही ऐंशीच्या दशकातले. त्यामुळे गोण्या उपसताना पहिली वाटणी अशी करा. 'डेटाक्वेस्ट', 'पीसी क्वेस्ट', 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू', मुंबईहून निघणारा 'एलेक्टर'चा भारतीय अंक, पुढच्या काळातले 'चिप' आणि त्याचा २००१ मध्ये झालेला 'डिजिट', हे एका बाजूला. परदेशी अंक दुसऱ्या बाजूला. आणि कुठल्याही अंकात पेन, पेन्सिल, चिकटवलेला कागद, मध्ये ठेवलेली पावती दिसली, तर तो अंक तिसऱ्या, सगळ्यांत महत्त्वाच्या ढिगात. जागा खरोखरच नसेल तर फक्त दुसऱ्या ढिगातले कोरे परदेशी अंक द्या, तेही रद्दीत नको, हौशी माणसाला द्या.

'डिजिट'चे अंक मिळाले तर प्रकाशकाचा पत्ता छापतात तो बारीक मजकूर बघा. काही वर्षं त्यात नेरूळचा पत्ता असायचा. तुमच्या घरापासून ठाणे-बेलापूर रस्त्याने अर्ध्या तासावर. नवी मुंबईच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं, आणि मला ते नवल फार आवडतं.

जाहिराती फाडून टाकून लेख ठेवावेत, असं काही जण करतात. कृपा करून करू नका. लेखात काय होतं ते पुस्तकांतही मिळेल. त्या वेळी ठाण्यातल्या माणसाला काय, कुठे आणि केवढ्याला मिळत होतं, हे फक्त जाहिरातींत आहे. एचसीएलचा बिझीबी, स्टर्लिंगचा शिवा पीसी, झेनिथ, विप्रो हे तेव्हाचे देशी कॉम्प्युटर. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांचे अर्ध्या पानाचे दर, त्यात फ्लॉपी दहाच्या डब्यावर नाही तर सुटी, नगावर. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्राचं नवं कॉम्प्युटर धोरण आलं आणि आयातशुल्क खाली आलं. त्याचा परिणाम आमच्यापर्यंत कसा पोहोचला, ते मी कुठल्या अहवालात वाचलं नाही. महिन्यामागून महिना त्या जाहिरातींतले आकडे उतरताना पाहिले.

तुमच्या पिढीला एक गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि मला ती सांगायला कंटाळा येत नाही. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधीची दहा वर्षं मासिक हेच आमचं इंटरनेट होतं, आणि ते महिन्यातून एकदाच यायचं, तेही जुनं होऊन. ठाण्याहून धीम्या गाडीने दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पाटी डॉ. भडकमकर मार्गाची, पण ते नाव घेऊन कुणी पत्ता विचारला तर चार दुकानदार एकमेकांकडे बघायचे. परत येताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ठेले. तिथे सात-आठ महिने शिळा अंक पंधरा-वीस रुपयांना मिळायचा आणि तो घेऊन आलं की घरात सण. मी एक अंक आणायचो, मित्र दुसरा, आणि तलावपाळीच्या कठड्यावर बसून अदलाबदल. एका अंकातला प्रोग्रॅम तिघांच्या घरी टाइप व्हायचा. ज्याचा आधी चालला तो बाकीच्यांना चूक सांगायचा.

हा टाइप करण्याचा भाग फोटोतल्या पानाशी जोडलेला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मासिकात प्रोग्रॅमची पूर्ण यादी छापलेली असायची, आम्ही तिला लिस्टिंग म्हणायचो. दोन-तीन पानं बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ओळी, आणि खाली 'डेटा' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत नुसते आकडे, स्वल्पविराम, आकडे. ते आकडे म्हणजे मशीन कोड. मशीनला थेट कळणारी आज्ञा, म्हणून वेगवान. बेसिकमध्ये अक्षर चुकलं तर स्पेक्ट्रम ओळ घेतच नाही, जिथे चुकलं तिथे प्रश्नचिन्ह लुकलुकवतो. आकडा चुकला तर तो काहीच बोलत नाही, कारण आकडा म्हणून तो बरोबरच असतो. मग प्रोग्रॅम चालवला की स्क्रीन रंगीबेरंगी होऊन मशीन गोठतं आणि तीन तासांची मेहनत गेली. काही मासिकांनी यावर उपाय काढला होता. 'कॉम्प्यूट्स गॅझेट'ने १९८३ मध्ये कमोडोर कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक छोटा प्रोग्रॅम दिला, तो प्रत्येक ओळ टाइप झाली की तिची बेरीज करून एक आकडा दाखवायचा, आणि तो छापलेल्या आकड्याशी जुळला की ओळ बरोबर. स्पेक्ट्रमच्या अंकांत अशी सोय नेहमी नसायची. आमची सोय म्हणजे घरातलं माणूस. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून ताडायचं. माझ्या आईला कॉम्प्युटर कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण हजारो आकडे तिने मला वाचून दाखवले आहेत, वांगी चिरता चिरता. तुमच्याकडे हे काम कोण करायचं, ते बाबांना विचारा. ते तुम्ही असण्याचीही शक्यता आहे.

आता काम कसं करायचं ते. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून गोण्या पहिल्यांदा. गोणपाट ओल धरतं, त्यातून अंक आजच बाहेर काढा. वाळवीच्या मातीच्या रेषा किंवा कसरीने खाल्लेल्या कडा दिसल्या तर ते अंक वेगळे ठेवा, चांगल्यांत मिसळू नका. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर त्या मागून हलक्या हाताने उघडून काढा आणि पानं जाड सुती दोऱ्याने टाचा. गंज कागदात उतरला की तिथे भोक पडणारच. उन्हात वाळत घालू नका, पंख्याखाली ठेवा. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे, दहा-बाराच्या वर नाहीत, आणि खोकं जमिनीवर नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डांबराच्या गोळ्या मात्र या सामानात मुळीच नकोत. त्यांच्या वाफेने कॅसेटीच्या डब्यांचं पारदर्शक प्लॅस्टिक मऊ पडतं आणि चिकटतं. एका गृहस्थांनी जपून, म्हणून भरपूर गोळ्या घालून ठेवलेल्या कॅसेटी मला डबे फोडून काढाव्या लागल्या होत्या.

स्कॅन करायचं तर ३०० डीपीआय पुरे, लिस्टिंगच्या पानांना ४००. रंगीत करा, कृष्णधवल नाही, म्हणजे पेन्सिल आणि छपाई वेगळी दिसते. सगळं जमणार नसेल तर तिसरा ढीग तेवढा पूर्ण करा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. घरच्यासाठी प्रत ठेवणं वेगळं, पूर्ण अंक सार्वजनिक ठिकाणी चढवणं वेगळं. या अंकांचे हक्क अजून संपलेले नाहीत, ते भान ठेवा. अंकांसोबत आलेल्या सीड्याही जपा. कारखान्यात दाबून बनवलेली सीडी घरी लिहिलेल्या सीडीपेक्षा पुष्कळ टिकते, त्यामुळे त्या बहुधा वाचतील. नव्वदच्या मध्यापासून 'पीसी क्वेस्ट'ने अशा सीड्यांवर लिनक्स घरोघरी पोहोचवलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं आयुष्य त्या एका चकतीने वळलं, माझ्या मुलाचंही.

कॅसेटी दुसऱ्या क्रमांकावर. स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले असायचे. टेप रेकॉर्डर माळ्यावरचाच वापरू नका. त्याचा आतला रबरी पट्टा एव्हाना डांबरासारखा वितळलेला असतो आणि टेप खातो. चालू स्थितीतला एखादा मिळवा, पट्टा नवा घाला, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. लॅपटॉपमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून रेकॉर्ड करा, ४४.१ किलोहर्ट्झ, आवाज साफ करणारी सगळी सोंगं बंद. एमपीथ्री नको, कारण ती फाइल कानाला न कळणारा भाग काढून टाकते आणि स्पेक्ट्रमला तोही लागू शकतो. आवाज घोगरा येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज सर्वांत कर्कश होईल तिथे ठेवा. बाबांच्या रेकॉर्डरचं हेड जितकं तिरकं होतं, तितकंच तुमचं तिरकं करायचं, एवढाच त्याचा अर्थ. मग या फाइलचं टीझेडएक्स या स्पेक्ट्रमच्या टेप-फाइलमध्ये रूपांतर करणारे मोफत प्रोग्रॅम आहेत, ते झालं की स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर (इम्युलेटरवर) लॅपटॉपवरच खेळ चालतो. मशीनची गरजही नाही.

तो आवाज बाबांना न सांगता ऐकवा. आधी लांब सलग सूर, त्या वेळी स्क्रीनच्या कडेला लाल आणि निळसर पट्टे. मग किरकिर, आणि पट्टे निळे-पिवळे. पूर्ण ४८ केबी भरायला सुमारे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. शेवटच्या मिनिटाला 'आर टेप लोडिंग एरर' आलं की पुन्हा पहिल्यापासून.

फ्लॉप्यांच्या बाबतीत घाई सगळ्यांत घातक. मोठ्या, सव्वापाच इंचांच्या फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून आतली चकती हाताने हळूच फिरवून बघा. धुरकट ठिपके दिसले तर ती बुरशी. ठाण्यातल्या माळ्यावर तीस पावसाळे काढलेल्या डब्यात ती असतेच. अशी एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ती स्वतः खरवडली जाते, हेड घाण होतं, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर तोच डाग ओढला जातो. बुरशीवाल्या मला आणून द्या, त्या उघडून धुवाव्या लागतात. बाकीच्यांच्या उजव्या कडेची खाच आधी चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. लहान, साडेतीन इंची फ्लॉपीचं उलट आहे, तिथे भोक उघडं असलं की ती सुरक्षित. बाजारात मिळणारा यूएसबी ड्राइव्ह फक्त लहान फ्लॉपी वाचतो. मोठीसाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड लागतं. ते फाइल वाचत बसत नाही, चकतीवरची चुंबकीय हालचालच जशीच्या तशी उतरवून घेतं, अर्थ नंतर निवांत लावता येतो.

डब्यांवरच्या चिठ्ठ्यांत 'सोसायटी हिशेब ९२' आणि 'महिला मंडळ अहवाल' आहे असं तुम्ही लिहिलंय. हिशेब लोटस या जुन्या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर तो आजही उघडता येतो. वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्रॅममधलं पत्र उघडलंत आणि प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसलं तर घाबरू नका. वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरात एक जादा बिट चढवून ठेवायचा, तो उतरवला की मजकूर स्वच्छ. अहवाल मराठीत आहे, तो श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेला असणार. तो आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या समान अक्षर-संकेताच्या आधीचा मजकूर, आज उघडला तर नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसेल. कुठला फॉन्ट होता ते कळलं तर रूपांतर होतं. आईंना किंवा मंडळातल्या कुणाला आठवतं का विचारा. पुष्कळांकडून हीच फाइल 'खराब झाली' म्हणून पुसली जाते, आणि ती पूर्ण शाबूत असते.

एक सावधगिरी. फ्लॉपी घालून जुना पीसी थेट सुरू करू नका. १९९० मध्ये आपल्याच देशात पहिल्यांदा सापडलेला एक व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या भागात लपायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून धरायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करेपर्यंत. नावच जोशी व्हायरस. पुढच्या जानेवारीत मला वागळे इस्टेटमध्ये घाबरलेले फोन आले होते. तुमच्या लॅपटॉपला त्याचा धोका नाही, पण जुन्या फ्लॉपीवर तो अजून तसाच बसलेला असू शकतो.

आता मशीन. अ‍ॅडॉप्टर सापडत नाही ही चांगली गोष्ट समजा, नाहीतर तुम्ही तो लावून पाहिला असता. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. दुकानात ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मागितलात तर जवळपास हमखास याच्या उलटा मिळेल, पिन नीट बसेल, आणि मशीन क्षणात मरेल. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या स्पेक्ट्रमपैकी बरेच जण माळ्यावर मेलेले नसतात, तिथून उतरवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मेलेले असतात. २ अँपिअरचा रेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर घ्या, तारा उलट्या जोडून घ्या, आणि मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय पिन आत घालू नका.

त्याहीआधी तो उघडायला हवा. झाकण झटक्याने उचलू नका. कीबोर्डपासून बोर्डापर्यंत दोन पातळ पारदर्शक रिबनी असतात, त्या वयाने काचेसारख्या ठिसूळ होतात. तुटल्या तर रडू नका, नव्या बनवून मिळतात. आतले फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर बदलायचे. मग वीज देऊन सर्वांत आधी मेमरीच्या ४११६ आयसीवर तीन व्होल्टेज बघायची : पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५. उणे ५ नसेल तर ताबडतोब बंद करा. त्याशिवाय १२ व्होल्ट मिळाले की त्या आयसी जळतात, आणि आठ आयसी म्हणजे अख्खी संध्याकाळ सोल्डरिंग. तिन्ही बरोबर असतील तर टीव्हीचा प्रश्न. स्पेक्ट्रमचा मूळ सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर यायचा, आणि आमच्या घरच्या टीव्हीला फक्त व्हीएचएफ होतं. म्हणून मी तेव्हाच मॉड्युलेटर (टीव्ही चॅनेलचा सिग्नल बनवणारा डबा) बाजूला करून आतून थेट व्हिडिओ काढला होता. आज सगळे तेच करतात, टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये तार लावली की झालं. पांढऱ्या स्क्रीनच्या तळाशी १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ दिसली की मशीन जिवंत आहे.

डेसिबेल्स या कंपनीने हा प्लस आपल्याकडे सिंक्लेअरच्या परवान्याने १९८६ मध्ये आणला आणि १९९० च्या सुमारास तो बाजार आटला. मिळतात ते अजून, पण फार नाहीत. तुमच्याच घरातला म्हणून तो नक्की ठेवा. माझ्याकडे आणलात तर मी दुरुस्तीचे पैसे घेणार नाही, सुट्या भागांचे तेवढे द्या.

राहिला फोटो. तो मी मोठा करून बराच वेळ बघत बसलो होतो. डेटाच्या शेवटच्या ओळीत छापलेला शेवटचा आकडा २१० आहे. बाबांनी तो पेन्सिलने खोडून वर २०१ लिहिलंय. समासात २३२९६ आणि त्याभोवती गोल. आणि पानाच्या डोक्यावर, दोनदा अधोरेखित करून, 'आधी सेव्ह'.

२३२९६ हा स्पेक्ट्रमच्या मेमरीतला पत्ता आहे. तिथून पुढच्या २५६ बाइट प्रिंटरसाठी राखलेल्या असायच्या. आपल्याकडे तो प्रिंटर कुणाकडे नव्हता, म्हणून ती जागा रिकामीच, आणि छोटा मशीन कोड ठेवायला एकदम मोक्याची. 'रँडमाइझ यूएसआर २३२९६' टाइप केलं की तिथला कोड चालायचा. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरला २०१ म्हणजे 'काम झालं, परत जा'. मशीन कोडच्या तुकड्याच्या शेवटी हा आकडा लागतोच, नाहीतर प्रोसेसरला थांबायचं कुठे ते कळत नाही. २१० चा अर्थ निराळा आहे : 'कॅरी (आधीच्या हिशेबातला हातचा) नसेल तर पुढच्या दोन बाइटमध्ये दिलेल्या पत्त्यावर उडी मार'. पुढे रिकामी मेमरी, म्हणजे दोन शून्यं. म्हणजे उडी थेट शून्य पत्त्यावर. तिथे मशीन सुरू होतानाचा कोड असतो. स्क्रीन काळी, मग पांढरी, खाली सिंक्लेअरची ओळ, आणि टाइप केलेलं सगळं साफ.

म्हणजे छापणाऱ्याच्या हातून दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि बाबांचा प्रोग्रॅम निदान एकदा तरी पूर्ण पुसला गेला. 'आधी सेव्ह' त्यानंतरचं आहे. पुन्हा सगळं टाइप करून, टेपवर साठवून, मग त्यांनी आकड्यांचे अर्थ एकेक करून लावले असणार आणि चूक शोधून काढली. चरईतल्या घरात, विचारायला कुणी नसताना.

त्यासाठी झेड८० च्या आज्ञांची यादी लागते. ती मूळ स्पेक्ट्रमच्या बेसिकच्या पुस्तकात मागच्या परिशिष्टात होती, आणि आम्ही ती झेरॉक्स करून एकमेकांना द्यायचो. त्या गोण्यांत कुठेतरी दुमडलेली, कडा झिजलेली अशी झेरॉक्स असेल तर ती फेकू नका. एखाद्या संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, हे पान बाबांच्या हातात द्या आणि नुसतं विचारा, २०१ कसं सापडलं, आणि सापडल्यावर स्क्रीनवर काय आलं. लिस्टिंगचं पहिलं पान फोटोत नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅम कशाचा होता हे मला कळलेलं नाही. तेवढं मला कळवा.